शेजारी कोण बसलं आहे?

ईरा आणि नील,

उन्हाळ्यात तुम्ही दोघं आईबरोबर नगरला येत होतात, तेव्हा विमानातून तुम्ही मला एक फोटो पाठवला होता. चांदीच्या कागदातला भात, एक पाव, आणि खाली ईराने लिहिलं होतं, "आजी, आम्ही समुद्राच्या वर आहोत. भात वाईट आहे." मी तो फोटो लगेच पाहिला. उत्तर मात्र तुम्ही मुंबईला उतरल्यावर दिलं. घरी आल्यावर ईराने चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "आजी, तुला दोन निळ्या खुणा आल्या होत्या. तू पाहिलंस. मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं, कामात होते. ते खरं नव्हतं. मी हातात फोन घेऊन बसून होते.

या अंकाच्या संपादकांनी मला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीविषयी लिहायला सांगितलं आहे. ते लिहिताना ईराच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकते. नील अजून जोडाक्षरांपाशी अडतो, तेव्हा ईराने त्याला वाचून दाखवावं. बाबाला वाचून दाखवायचं की नाही, ते तुमच्या आईने ठरवावं.

मी नगरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तुम्हाला ट्रंक कॉल म्हणजे काय ते माहीत असण्याचं कारण नाही. तेव्हा एका गावातून दुसऱ्या गावाला सरळ फोन लागत नसे. आधी आमच्याकडे नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. आमच्यासमोर भिंतीएवढा बोर्ड असे, त्याला भोकंच भोकं. हातात दोऱ्या, दोरीच्या टोकाला पितळी पिन. पाथर्डीच्या भोकात एक पिन, मुंबईच्या भोकात दुसरी, की झाली दोन माणसांची गाठ. घाई असेल तर अर्जंट, फारच घाई असेल तर लाइटनिंग. लाइटनिंग म्हणजे वीज, पण लागायला तासही लागे. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी स्वच्छ, म्हणून मला ही नोकरी मिळाली. मुंबईच्या ऑपरेटर मुली पलीकडून इंग्रजीत तोरा दाखवायच्या, त्यांना तितक्याच तोऱ्यात उत्तर देणारी कोणीतरी नगरला हवी होती.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. शेवगावचे एक कापसाचे आडते होते. त्यांना रोज मुंबईचा भाव लागे. लाइन मिळेपर्यंत माझ्याशीच बोलत बसायचे. "बाई, आज तुमचा आवाज बसलाय. आलं टाकून काढा घ्या. आन् मग माझा नंबर लावा, तोवर भाव चढंल." लाइन लागली की इतक्या मोठ्याने ओरडायचे, की माझ्या शेजारची इंदू म्हणायची, यांना फोनची गरज काय, शेवगावहून नुसते बोलले तरी मुंबईला ऐकू जाईल.

आणखी एकाची बायको रागावून माहेरी गेली होती. त्याने तिच्या गावी फोन नोंदवला. तिला शेजारच्या दुकानातून बोलावून आणेपर्यंत त्याचा धीर सुटला. मला म्हणाला, "बाई, तुमीच सांगा तिला, चुकलं म्हनावं."

"आम्हाला निरोप देता येत नाही. नियम आहे."

"मग सांगू नका काई. नुसतं हसा तिच्यासंगं. म्हंजी तिला कळंल, मानूस नरम पडलाय."

मी हसले नाही, पण हसू दाबताना जो आवाज आला तो तिला ऐकू गेला असावा. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा नंबर नोंदवला नाही, यावरून काय ते मी समजले.

आता त्या दुसऱ्या प्रकारच्या फोनांविषयी.

मरणाचा फोन आम्हाला ओळखू येई. नंबर सांगतानाच आवाज सपाट झालेला असे. माणूस घाई करत नसे. आमच्या सुपरवायझर सोनवणेबाई होत्या, करड्या, नऊवारी नेसणाऱ्या, चष्मा नाकावर. त्यांनी आम्हाला एक रीत घालून दिली होती. ती कुठल्या नियमांत नव्हती आणि वरच्या साहेबांना कळली असती तर कदाचित मेमो मिळाला असता. रीत अशी: बातमी वाईट आहे असं वाटलं, तर लाइन जोडण्याआधी पलीकडच्या माणसाला विचारायचं, "आपल्या शेजारी कोण आहे?" कोणी नसेल तर म्हणायचं, "मी लाइन धरून ठेवते. शेजारच्यांना बोलावून आणा. आणि बसून घ्या." मग पिन घालायची.

सोनवणेबाई म्हणत, "तार येते तेव्हा पोस्टमन तरी समोर उभा असतो. फोनमध्ये समोर कोणीच नसतं. तेवढं आपण बघायचं."

मी ही रीत निवृत्त होईपर्यंत पाळली. त्याबद्दल मला अभिमान होता, तो आता कुठे ठेवावा कळत नाही.

एक प्रसंग सांगते. पाथर्डी तालुक्यातली निम्मी गावं दिवाळी झाली की रिकामी होतात. माणसं ऊस तोडायला साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. मागे म्हातारी माणसं राहतात. अशाच एका म्हातारीची बातमी तिच्या थोरल्या मुलाला सांगायची होती. धाकट्याने पाथर्डीच्या पोस्टातून दूरच्या एका कारखान्याचा नंबर मागितला. सपाट आवाज. मी कारखान्याच्या ऑफिसात लाइन लावली. तिथल्या टाइमकीपरने फोन उचलला.

"तो फडात हाय. निरोप द्या, सांगतो मी त्याला संध्याकाळी."

"निरोप नको. त्याला बोलवा. मी लाइन पुन्हा लावून देते. आणि त्याच्याबरोबर त्याची बायको किंवा मुकादम, कोणीतरी असू द्या."

"बाई, तुमी लाइन जोडायचं काम करा की. बायको कशाला आनि मुकादम कशाला?"

"जोडते. आला की आधी त्याला खुर्ची द्या."

"ऊसतोड्याला खुर्ची? सायबाच्या हापिसात?"

"हो. नाहीतर मी लाइन जोडणार नाही."

असं म्हणायचा मला काहीएक अधिकार नव्हता. पण इंग्रजी शाळेतला आवाज अशा वेळी कामी येतो. बऱ्याच वेळाने लाइन परत लागली तेव्हा हेडफोनमध्ये मला फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग एक दमलेला आवाज म्हणाला, "बाई, मला खुर्चीत बशीवलंय. म्हंजी वंगाळच काई आसनार. आई गेली का?"

मी धाकट्याची लाइन जोडली आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

घरी आल्यावर हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं. तुमचा बाबा तेव्हा शाळेत होता, जेवता जेवता ऐकत होता. तो पुढे कितीतरी दिवस मला चिडवायचा. परीक्षेत मार्क कमी पडले की प्रगतिपुस्तक पाठीमागे लपवून विचारायचा, "आई, तुझ्या शेजारी कोण आहे? बसून घे." तुमच्या आजोबांना इतकं हसू यायचं, की रागवायचं राहूनच जायचं. आमच्या घरात त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एवढं लक्षात ठेवा.

आता विमानाकडे येते.

मी पहिल्यांदा विमानात बसले ती ईराच्या जन्माच्या वेळी. हवाईसुंदरी फोन बंद करा म्हणत सगळ्या रांगांतून फिरली. आजोबांनी फोन बंद करून माझ्याकडे दिला आणि "बघ गं, नीट बंद झालाय ना, आपल्यामुळे विमान पडायला नको," असं अर्ध्या प्रवासात विचारत राहिले. मला मात्र फार बरं वाटलं होतं. आयुष्य लाइनी जोडण्यात गेलेलं. इथे कोणी कोणाला फोन लावून मागू शकत नव्हतं. खाली जगात काहीही होवो, उतरेपर्यंत ते आपल्यापर्यंत येणार नाही, आणि उतरल्यावर दारात आपलं माणूस उभं असेल. विमान म्हणजे माझ्या मते सोनवणेबाईंची रीत आपोआप पाळणारी जागा होती. ती माझ्या डोक्यात तशीच राहिली.

आजोबांना हृदयाचा झटका आला आणि त्यांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तुमच्या बाबाने मिळालं ते विमान पकडलं. विमानात बसताना त्याने फोन केला. डॉक्टर म्हणत होते तब्येत स्थिर आहे, तेच मी सांगितलं. तो म्हणाला, "मी येतो तोपर्यंत त्यांना सांग, भांडण बाकी आहे आपलं." कसलं भांडण ते मला माहीत होतं. परसातल्या लिंबाच्या झाडाचं. आजोबांना ते तोडायचं होतं.

बाबाचं विमान वर असताना, दुपारी, आजोबा गेले.

मी रडले नाही. मी कामाला लागले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. डब्यांना चिठ्ठ्या लावणारी बाई मी. पहिली गोष्ट म्हणजे मी तुमच्या आईला फोन केला. "तुझ्या शेजारी कोण आहे?" म्हटल्याबरोबर ती रडायला लागली. तिला सांगितलं, अजयला, म्हणजे तुमच्या बाबाला, काही कळवू नकोस. मग दत्ताला बोलावलं. दत्ता म्हणजे तुमच्या नामदेव आजोबांचा मुलगा, सुप्याला कारखान्यात आहे. तो अंगावरच्या कंपनीच्या कपड्यांनिशी धावत आला. त्याला म्हटलं, "गाडी घे आणि मुंबईला जा. अजय बाहेर आला की आधी त्याची बॅग तू घे. मग त्याला गाडीत बसव. मग त्याचा हात धर. मग सांग."

"काकू, मला न्हाई जमायचं सांगायला."

"जमेल. तू फक्त शेजारी बस. बाकी तो ओळखेल."

दत्ता गेला. मग आले नामदेव भाऊजी, माझे दीर. त्यांना गावाकडची काळजी. अंत्यविधी गावी, शेतात, दुसऱ्या दिवशी सकाळी. पाथर्डी, शेवगाव, पार बीडपर्यंत पाहुणे पसरलेले.

"वहिनी, ग्रुपवर टाकाया पायजे. एकेकाला कोन फोन करीत बसंल?"

"त्या ग्रुपवर अजय आहे, भाऊजी."

"आवो, तो इमानात हाय. इमानात कुठली रेंज?"

मलाही तसंच वाटत होतं. तरी मी म्हटलं, नको. अजयला सोडून दुसरा ग्रुप करा. भाऊजींनी माझ्यासमोर बसून, डोळे पुसत, एकेक नाव घालत नवा ग्रुप केला. मी शेजारी बसून नावं तपासली. अजयच्या नगरच्या मित्रांनाही वगळायला लावलं. कुठे फट राहू नये म्हणून मी किती जपलं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

आमच्याकडे हल्ली माणूस गेलं की पहिलं काम काय करतात? फ्लेक्सच्या दुकानाला फोटो पाठवतात. दुकानदार झटकन फोटोला हार घालतो, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहितो, शोकाकुल म्हणून सगळ्या घराण्याची नावं टाकतो आणि परत पाठवतो. मग ज्याच्या त्याच्या फोनच्या स्टेटसवर ते चित्र लागतं. ज्याने ठेवलं नाही त्याला दुःख झालं नाही, असं लोक धरतात. भाऊजींनी नव्या ग्रुपवर चित्र टाकलं. आणि आपल्या स्टेटसवरही ठेवलं. सख्खा भाऊ गेला होता. ते ठेवणार नाहीत तर कोण ठेवणार? ग्रुपची नावं तपासणाऱ्या मला स्टेटस सुचलं नाही, त्यांनाही सुचलं नाही. अजयच्या फोनमध्ये काकांचा नंबर होता.

संध्याकाळ होत आली होती. घरात बायका बसल्या होत्या. माझा फोन वाजला. अजयचा मेसेज. मला वाटलं, विमान आधीच उतरलं की काय, दत्ता अजून घाटातसुद्धा पोचला नसेल. उघडला तर:

"आई, काकांच्या स्टेटसवर हे काय आहे? कोणी चुकून टाकलंय का?"

मी घड्याळ पाहिलं. तो अजून आकाशात होता. विमानात आता पैसे भरून इंटरनेट मिळतं, काही विमानांत मेसेज करायला फुकटही मिळतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्याने ते घेतलं होतं आजोबांची खबर कळावी म्हणून.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. विमानात मेसेज करता येतात, बोलू देत नाहीत. शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून. सगळं आयुष्य मी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून दिले आणि माझ्या मुलापर्यंत माझा आवाज जाऊ शकत नव्हता. टाइप करायचं होतं.

"चुकून टाकलंय का" असं त्याने विचारलं होतं. हो म्हणता आलं असतं. दत्ता पोचेपर्यंतचे तास त्याला मिळाले असते. पण मी विचार केला नाही. हाताला जी सवय होती ते हाताने लिहिलं.

"तुझ्या शेजारी कोण आहे?"

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग त्याचं उत्तर आलं.

"म्हणजे खरं आहे."

खुर्चीत बसवलेला तो माणूस मला आठवला. मी लिहिलं, "हो. दुपारी. त्रास झाला नाही. शेजारी कोण बसलं आहे, सांग."

"एक म्हातारे गृहस्थ आहेत. झोपलेत. सगळेच झोपलेत. अंधार आहे."

"त्यांना उठव."

"आई, काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नकोस. नुसतं उठव."

पहिल्या वाक्यांना दोन-दोन खुणा होत्या. या शेवटच्या वाक्यापाशी एकच खूण आली आणि तिथेच थांबली. विमान अशा भागावरून जातं जिथे इंटरनेट बंद पडतं, हे दत्ताने नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की माझी पिन भोकात गेली आहे आणि पलीकडे लाइन मेलेली आहे. बायकांनी मला आत नेऊन बसवलं. फोन माझ्या हातात होता. मी त्या एका खुणेकडे बघत बसले. नोकरीत मी कोणालाही इतका वेळ ताटकळत ठेवलं नव्हतं.

दत्ताने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. बॅग घेतली, गाडीत बसवलं, हात धरला. अजय म्हणाला, "मला माहीत आहे रे."

सकाळी गावी शेतात भाऊजींनी त्याला मिठी मारली. "पोरा, मला काय ठावं तिथं वर बी पोचतंय म्हनून." अजय म्हणाला, "काका, तुमचं काही चुकलं नाही." तो खरंच कोणावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तेराव्याला त्याने एकदाच त्या चित्राविषयी काढलं. आजोबांचा फोटो ईराच्या वाढदिवसाचा होता. त्यात अजय त्यांच्या शेजारी उभा होता, त्यांच्या खांद्यावर हात टाकून. दुकानदाराने घाईघाईने अजयला कापून टाकलं, पण खांद्यावरची बोटं राहून गेली होती. हाराच्या खाली, चार बोटं. "आई, आधी मी बाबांना ओळखलंच नाही," अजय म्हणाला. "मी माझी बोटं ओळखली."

मी विचारलं, "उठवलंस का त्या गृहस्थांना?"

तो उठून परसात गेला. लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर तुम्ही दोघं आईबरोबर आलात. तुमचा बाबा आलेला नाही. कामाचं कारण सांगतो. आम्ही व्हिडिओवर रोज बोलतो. मला त्याचं तोंड दिसतं, त्याच्यामागचं स्वयंपाकघर दिसतं, फ्रिजवर नीलने काढलेला हत्ती दिसतो. मी इतक्या माणसांच्या लाइनी जोडल्या, पण इतकी स्वच्छ लाइन मला कधी मिळाली नव्हती. आणि आम्ही हवामानाविषयी बोलतो.

भाऊजींना मी सांगून ठेवलं आहे, माझ्या वेळी स्टेटस ठेवायचं नाही. ते म्हणाले, "बरं वहिनी, न्हाई ठेवनार." ते ठेवणार नाहीत. पण त्यांच्या सुना ठेवतील, शेजारी ठेवतील, दूधवाला ठेवेल. हे आता थांबवता येणार नाही आणि मी प्रयत्नही करणार नाही. बातमी पोचायची ती आकाशातही पोचेल. तेव्हा ईरा, त्या दिवशी तू घरात असलीस तर फोन बघत बसू नकोस. बाबा जिथे असेल तिथे जा आणि त्याच्या शेजारी बस. नील, तूही. काही बोलायची गरज नाही.

आणि विमानातून मला फोटो पाठवत जा. मी उत्तर देत नाही, कारण विमानातल्या माणसाला लिहायला बसले की माझ्या हातून एकच प्रश्न लिहिला जाईल अशी मला भीती वाटते. अजयला लिहिलेलं ते शेवटचं वाक्य अजून माझ्या फोनमध्ये आहे. विमान मुंबईला टेकलं तेव्हा त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा आल्या.

"काही सांगू नकोस. नुसतं उठव."

त्याखाली अजून काही नाही.

तुमची आजी